शेवटचा पेपर आणि बापाची उचल

गेल्या आठवड्यात बीड जिल्ह्यातला एक विद्यार्थी आमच्याकडे आला होता. बी.ए.चे शेवटचे सत्र, विषय अर्थशास्त्र. तीन पेपर झालेले, दोन बाकी. तो बातमी द्यायला आला नव्हता की कार्यक्रमाचे निमंत्रण घेऊनही आला नव्हता. शिष्यवृत्तीचा अर्ज कुठे अडकला हे विचारायला एका सरकारी कार्यालयात गेला होता. तिथले साहेब बैठकीला गेलेले. दोन तास काढायचे होते म्हणून तो आमच्या पायऱ्या चढला. आम्ही चहा मागवला आणि सहज विचारले, "काय रे बाबा, आता पदवीधर होणार. कसं वाटतंय?"

त्याने जे उत्तर दिले त्यामुळे आज हा विषय घेतला आहे. तो म्हणाला, "सर, शेवटचा पेपर कधी संपतो असं सगळ्यांना झालंय. मला वाटतं तो संपूच नये. पेपर आहे तोवर मी विद्यार्थी आहे. पेपर संपला की मी अर्धा कोयता."

शहरातल्या वाचकांना हा शब्द कळणार नाही. ऊसतोडीच्या धंद्यात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम त्या जोडीला हंगामाआधी उचल देतो आणि मग सारा हंगाम ती उचल फिटेपर्यंत जोडी फडात राबते. एकटा माणूस असला तर तो अर्धा कोयता. या मुलाचे आईबाप दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्याच्या मुलखात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. तीन वर्षे पोरगा शहरात खोली करून राहिला. चौघांत एक खोली, दुपारी खानावळीचा डबा, रात्री भात कुकरला. मागच्या हंगामाची उचल पुरती फिटली नाही. आता मुकादम पुढच्या हंगामाचे बोलू लागला आहे आणि बाप पोराला म्हणतो, "दिवाळीच्या आत तुझं काही झालं तर मी उचल घेत नाही. नाही झालं, तर मुकादम अडीच कोयते म्हणतोय." घरात मोठा भाऊ-भावजय एक कोयता, आईबाप एक कोयता, आणि अर्धा हा. धाकटी बहीण यंदा दहावीला होती. तिच्या अकरावीचा प्रश्नही त्याच उचलीत बांधलेला.

म्हणजे एका बाजूला विद्यापीठाचा शेवटचा पेपर आणि दुसऱ्या बाजूला दिवाळी. मध्ये पाच-सहा महिने. आमच्या हजारो मुलामुलींचे आयुष्य या पाच-सहा महिन्यांत ठरते. आणि आमचे म्हणणे असे की, नेमक्या याच महिन्यांत त्यांच्यासोबत कोणीही नसते. सरकार नसते, महाविद्यालय नसते, आणि हे कबूल करायला लाज वाटते, पण चळवळही नसते.

हा मुलगा ज्या विद्यापीठाची पदवी घेणार आहे, त्याचे नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. आजच्या विद्यार्थ्याला ते नाव गुणपत्रिकेवर छापलेले मिळते. ते कसे छापले गेले हे त्याला कोणी सांगितलेले नसते. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यातल्या आमच्या वस्त्या पेटल्या. घरे जळाली, माणसे परागंदा झाली. पोचीराम कांबळे मारले गेले. ठराव सोळा वर्षे लोंबकळत राहिला. १९९३ साली गौतम वाघमारे यांनी नांदेडमध्ये स्वतःला पेटवून घेतले. तेव्हा कुठे १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. नामांतर मागितले होते, मिळाला नामविस्तार. पोचीराम आणि गौतम दोघेही नांदेड जिल्ह्याचे. त्याच वर्षी नांदेडला वेगळे विद्यापीठ झाले आणि ज्या जिल्ह्याने हे रक्त दिले त्या जिल्ह्यातल्या मुलांच्या पदवीवर ते नाव आलेच नाही. इतिहास असाही वागतो.

ज्या नावासाठी आमच्या माणसांनी प्राण दिले, ते नाव असलेला कागद हाती घेऊन आमचा मुलगा मुकादमाच्या यादीत अर्धा कोयता म्हणून जाणार असेल, तर नामांतराची लढाई संपली असे आम्ही कोणत्या तोंडाने म्हणायचे?

बाबासाहेबांनी १९५० साली मराठवाड्यात महाविद्यालय काढले, तेव्हा या भागात विद्यापीठसुद्धा नव्हते. विद्यापीठ आले १९५८ साली. निजामी राजवटीत शिक्षणापासून तोडलेल्या या मुलखातल्या पोरांना आधी कॉलेज हवे हे बाबासाहेबांनी ओळखले. त्याआधी १९४४ साली, ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. हीच ती शिष्यवृत्ती, जिच्यासाठी आमचा बीडचा विद्यार्थी साहेबांच्या बैठकीची वाट पाहत होता. ऐंशी वर्षे होऊन गेली. २०२० च्या डिसेंबरमध्ये केंद्राने ठरवले की, या योजनेत ६० टक्के वाटा केंद्राचा आणि ४० टक्के राज्याचा राहील. टक्केवारी ठरली, पोर्टल आले, आधार जोडले गेले, बँकेचे खाते जोडले गेले. पण पैसा सत्र संपल्यावर येतो. पोरगा शिकत असतो तेव्हा खानावळवाला उधारी मागतो आणि पोरगा शिकून बाहेर पडतो तेव्हा मोबाइलवर पैसे जमा झाल्याचा निरोप येतो. पोटाला लागते तेव्हा न मिळणाऱ्या भाकरीला शिष्यवृत्ती म्हणत नाहीत.

आणि याचा खरा फटका बसतो तो शेवटच्या सत्रात. पहिल्या दुसऱ्या वर्षी महाविद्यालय "पुढे बघू" म्हणते. शेवटच्या वर्षी "नो ड्यूज" मागते. ग्रंथालयाची सही, वसतिगृहाची सही, लेखा विभागाची सही. लेखा विभागात खिडकीवरचा माणूस सांगतो, शिष्यवृत्तीची रक्कम आलेली नाही, तुमच्या नावावर बाकी दिसते, टीसी देता येणार नाही. रक्कम सरकारने द्यायची, उशीर सरकारने करायचा आणि टीसी अडवायचा पोराचा! मूळ कागदपत्रे अडवून ठेवू नयेत असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली बजावून सांगितले आहे. पण खिडकीपाशी एकट्या उभ्या असलेल्या वीस-एकवीस वर्षांच्या पोराला ते ठाऊक नसते. ठाऊक असले तरी बोलायचा धीर होत नाही. त्याच्या मागे रांग असते, आणि खिडकीतला माणूस त्याच्या आडनावाकडे बघून आवाज चढवतो. टीसी नाही म्हणून पुढचा प्रवेश नाही. प्रवेश नाही म्हणून वसतिगृह नाही. वसतिगृह नाही म्हणून पोरगा गावी. गावी मुकादम बसलेलाच आहे. एका सहीपासून फडापर्यंतचा रस्ता एवढा सरळ आहे.

रोहित वेमुलाच्या मृत्यूला, १७ जानेवारी २०१६ ला, एवढी वर्षे झाली. तेव्हा आपण रस्त्यावर उतरलो, ते योग्यच केले. पण मरताना त्याची सात महिन्यांची फेलोशिप थकलेली होती, ही गोष्ट आपल्या घोषणांच्या आवाजात किती जणांच्या ध्यानात राहिली? जातीचा छळ शिव्या देऊनच होतो असे नाही. थकवलेल्या रकमेतून होतो, अडवलेल्या दाखल्यातून होतो, "उद्या या" या दोन शब्दांतून होतो. आणि हा छळ सोसणारा एकटा असतो म्हणून तो दिसत नाही.

आता थोडे आपल्याविषयी बोलू. सरकारला चार शिव्या घातल्या की आपले काम संपते, असे आम्ही मानत नाही.

त्या मुलाला आम्ही विचारले, तुमच्या वस्तीत विहार आहे, मंडळ आहे, कार्यकर्ते आहेत. त्यांच्याकडे गेला नाहीस? तो हसला. म्हणाला, "गेलो होतो सर. जयंतीच्या पावतीची वर्गणी दिली का म्हणून विचारलं." यंदाही १४ एप्रिल परीक्षांच्या हंगामातच आली. त्याच्या खोलीखाली तीन रात्री डीजे वाजला. उशी कानावर दाबून तो राजस्वाचा धडा वाचत होता. "बाबासाहेबांचा 'रुपयाचा प्रश्न' अभ्यासाला आहे सर, आणि बाबासाहेबांच्याच जयंतीत तो वाचता येईना," हे त्याचे शब्द. जयंतीला अठरा तास अभ्यासाचे उपक्रम घेणारी मंडळे आहेत, त्यांना आमचा मानाचा जयभीम. पण ती किती आणि भिंती हादरवणारे डीजे किती, याचा हिशेब प्रत्येक वस्तीने आपल्यापुरता करावा.

आपण गुणगौरव करतो. दहावी-बारावीला नव्वद टक्के मिळवणाऱ्याला शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह देतो, पाहुण्यांची चार भाषणे ऐकवतो. हरकत नाही. पण द्वितीय श्रेणीत बी.ए. होणारा, आईबाप फडात असताना स्वतः भात शिजवून परीक्षा देणारा मुलगा कोणत्याच गौरवात बसत नाही. त्याला आपण काय देतो? एक टोमणा देतो. "शिकलेले समाजाला विसरतात."

या टोमण्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या वर्गाविषयी आपली व्यथा बोलून दाखवली, हे खरे. ती व्यथा आपल्या प्रत्येक सभेत उगाळली जाते. पण ती कोणाला उद्देशून होती? जे शिकले, नोकरीत स्थिरावले आणि मग ज्यांना वस्ती नकोशी झाली त्यांना. ज्याच्या हाती अजून गुणपत्रिकाही आलेली नाही, ज्याच्या खिशात परतीच्या एसटीचे भाडे नाही, त्याच्या डोक्यावर आग्र्याचे भाषण आदळणे हा बाबासाहेबांच्या दुःखाचा गैरवापर आहे. समाजाचे ऋण फेडायचे हे त्याला आपण आधी सांगतो. त्याच्यावर मुकादमाचेही ऋण आहे, याची चौकशी मात्र करत नाही. त्या मुलाचे वाक्य आमच्या मनातून जात नाही. तो म्हणाला, "सर, घर म्हणतं पगार आण. चळवळ म्हणते वेळ दे. माझ्याकडे सध्या दोन्ही नाहीत. मी कोणालाच तोंड दाखवत नाही."

बाबासाहेबांचे चरित्र आपण छातीठोकपणे सांगतो, पण त्यातली एक गोष्ट सांगायची विसरतो. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा त्यांचाही सत्कार झाला होता. त्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पण केळुसकर गुरुजी सत्कार करून घरी गेले नाहीत. चर्नी रोडच्या बागेत पुस्तक घेऊन बसणाऱ्या या मुलावर त्यांची नजर होती. पुढे शिक्षणाला पैसा अपुरा पडू लागला तेव्हा त्यांनीच त्याला सयाजीराव महाराजांपुढे उभे केले आणि महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. त्या बळावर १९१२ साली भीमराव बी.ए. झाले. बी.ए. झाल्यावर त्यांच्यापुढेही हाच प्रश्न होता, घर की शिक्षण? १९१३ च्या जानेवारीत ते बडोद्याच्या नोकरीत गेले आणि २ फेब्रुवारीला वडील रामजी सुभेदार गेले. डोक्यावर सारे कुटुंब आले. त्याच वर्षी शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार करून, महिना साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबियाला गेले. मुदत संपली म्हणून लंडनचे शिक्षण अर्धे टाकून १९१७ साली परतावे लागले. मग सिडनहॅम महाविद्यालयातली प्राध्यापकी, पगारातली काटकसर, शाहू महाराजांची मदत, नवल भथेना या मित्राने दिलेले उसने पैसे, आणि १९२० साली पुन्हा लंडन.

ही हकिगत आम्ही का सांगतो? बाबासाहेबांची बुद्धी आणि कष्ट यांना तोड नव्हती. पण त्यांच्यासारख्या प्रज्ञावंतालाही दोन पदव्यांमधली दरी एकट्याने ओलांडता आली नाही. कोणी हात धरला, कोणी उसने दिले, कोणी योग्य दारापर्यंत नेऊन उभे केले. मग ऊसतोड कामगाराच्या मुलाने ती दरी एकट्याने ओलांडावी आणि नाही ओलांडली तर त्याचीच कुवत कमी, असे कसे म्हणता येईल? आज आपल्या वस्तीत शाल देणारे पुष्कळ आहेत. केळुसकर गुरुजी कोण आहे?

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने हा प्रश्न आणखी धारदार केला आहे. एक वर्षाने बाहेर पडा, प्रमाणपत्र घ्या. दोन वर्षांनी पडा, पदविका घ्या. तीन वर्षांनी पदवी, चौथ्या वर्षी ऑनर्स. कागदावर ही सोय वाटते. पण घरात उचल थकलेली असताना पहिल्या दारातून कोण बाहेर पडेल आणि चौथ्या वर्षापर्यंत कोण बसेल, हे सांगायला ज्योतिषी नको. पूर्वी पोरगा शिक्षण सोडायचा तेव्हा त्याला गळती म्हणत. आता त्याच्या हातात एक कागद देऊन त्याला उत्तीर्ण म्हणतील. वर्णव्यवस्थेने आम्हाला दाराबाहेर ठेवले. आता आत घेऊन जागोजाग बाहेर जायची दारे ठेवली जात आहेत. पाळत ठेवली पाहिजे ती या दारांवर.

तेव्हा करायचे काय? आमच्या मते मोठ्या घोषणांची गरज नाही. चार साध्या गोष्टी कोणत्याही विहाराला, कोणत्याही मंडळाला, येत्या रविवारपासून करता येतील.

पहिली, वस्तीतल्या शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक मुलामुलीची नावे एका वहीत लिहा. टक्के लिहू नका. कोणाची शिष्यवृत्ती अडकली, कोणाचा टीसी अडकला, कोणाची जातवैधता झालेली नाही, एवढेच लिहा. दुसरी, वस्तीत निवृत्त झालेले कारकून, तलाठी, शिक्षक, बँकेतले लोक आहेत. आयुष्यभर त्यांनी खिडकीच्या आतून कारभार पाहिला. आता आठवड्यातले दोन तास त्यांनी खिडकीच्या बाहेर, या मुलांच्या शेजारी उभे राहावे. एकट्या पोरावर चढणारा आवाज, सोबत पिकल्या केसांचा माणूस असला की आपोआप उतरतो. तिसरी, जयंतीच्या वर्गणीतला एका रात्रीच्या डीजेचा खर्च बाजूला काढा. परीक्षेचे शुल्क, मुलाखतीला जायचे भाडे, प्रवेशाची पहिली रक्कम, यासाठी तो उसना द्या. दान नको, उसनाच द्या. पोरगा कमावता झाला की परत करील आणि तोच पैसा पुढच्याला जाईल. चौथी, मुलींची नावे वहीत आधी लिहा. मुलाच्या पुढे दिवाळी असते, मुलीच्या पुढे लग्नाची तारीख असते. तिची मुदत त्याहून कमी आहे.

१९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि १९२५ च्या जानेवारीत तिने सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. चवदार तळ्याचा सत्याग्रह त्यानंतर, १९२७ साली. आधी पोरांच्या राहण्याची सोय आणि मग सत्याग्रह, हा क्रम बाबासाहेबांनी घालून दिलेला आहे. आपण तो उलटा केला, आणि पुष्कळदा दोन्ही सोडून दिले.

आता शेवटच्या पेपरला बसलेल्या मुलामुलींनो, दोन शब्द तुमच्याशी. तुमच्या मनात या दिवसांत जी भीती आहे ती भित्रेपणाची नाही. ज्याच्या पाठीशी शेत नाही, दुकान नाही, ओळखपाळख नाही, त्याला पदवी मिळताना भीतीच वाटणार. पण तोंड लपवू नका. घरात नोकरी लागलेली नाही म्हणून वस्तीत यायचे टाळू नका. समाजाचे ऋण पगारातूनच फेडायचे असते असे नाही. तुम्ही तीन वर्षांत जो रस्ता शोधला, कोणता अर्ज कुठे, कोणता दाखला कोणत्या खिडकीवर, कोणत्या वसतिगृहाची यादी कधी लागते, तो रस्ता मागून येणाऱ्या एका मुलाला दाखवा. पहिली फेड तीच. मोठी फेड मागायचा अधिकार आम्हाला तेव्हाच, जेव्हा आम्ही आमचा वाटा उचलला असेल.

त्या दिवशी चार वाजता तो विद्यार्थी उठला. साहेब बैठकीहून आले असतील म्हणाला. आमच्यातले एक ज्येष्ठ सहकारी, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, चप्पल घालून त्याच्यासोबत निघाले. तासाभराने परत आले. काम झाले का, आम्ही विचारले. ते म्हणाले, "झालं नाही. पण अर्ज कोणत्या टेबलावर आहे ते कळलं. उद्या पुन्हा जातो." मग थोडे थांबून म्हणाले, "पोरगं जाताना म्हणालं, काका, आज पहिल्यांदा त्यांनी मला बसा म्हटलं."

परवा त्याचा शेवटचा पेपर आहे. दिवाळीला अजून अवकाश आहे. तेवढ्या अवकाशात एक पदवीधर वाचवायचा की एक अर्धा कोयता फडावर पाठवायचा, हे ठरवणे एकट्या मुकादमाच्या हाती राहू द्यायचे नाही. जयभीम.